उठलेली साखर

शैलाची साखर साडेतीनशेच्या वर गेली तेव्हा भेटायला येणाऱ्या प्रत्येकानं मला एकच प्रश्न विचारला. काय खाल्लं होतं तिनं?

शैला माझी बायको. तिला हृदयविकाराचा झटका आला होता आणि ती अतिदक्षता विभागात होती. तिला मधुमेह नव्हता. मग रक्तात एवढी साखर आली कुठून? नीट सांगणारं कोणी नव्हतं, म्हणून सगळ्यांनी आपापलं उत्तर शोधलं. तिच्या भावाचं म्हणणं होतं की पुतणीच्या लग्नात तिनं जिलेबी खाल्ली असणार. शेजारणीला वाटलं, ती चोरून गूळ खात असेल. मी सांगत राहिलो की ती चहासुद्धा बिनसाखरेचा पिते, लग्नात तिनं फक्त ताक-भात घेतला. कोणी ऐकलं नाही. तिसऱ्या दिवशी शैला गेली. दहाव्याला नदीवर दोन माणसं माझ्या मागे उभी राहून जिलेबीचंच बोलत होती.

मी भानुदास कुटे. संगमनेरला वीज मंडळात लाइनमन होतो. शैला गेली त्याच वर्षी निवृत्त झालो. एकुलती एक मुलगी ऋतुजा, तिचं सासर राजगुरुनगरला. घरात मी एकटा. सकाळी दोन कप चहा करायची सवय काही केल्या जाईना. दुसरा कप मी तुळशीत ओतायचो आणि मग वाटायचं, तुळस मरेल, म्हणून बेसिनमध्ये ओतायला लागलो.

दोन वर्षांनी मलाही झटका आला. अंगणात पाण्याची मोटर उघडून बसलो होतो. डावा हात जड झाला, घाम फुटला, मी तिथेच आडवा झालो. समोर राहणारा पोपट वाकचौरे घरी आला होता म्हणून वाचलो.

शुद्धीवर आलो तेव्हा उशाशी डॉक्टर मुजावर होत्या. तिशीतली मुलगी, मिरजेकडची. पहिलंच वाक्य म्हणाल्या, "काका, तुमची साखर तीनशे वीस झाली होती."

मी म्हणालो, "मी काही खाल्लेलं नाही हो."

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. "ही खाल्लेली साखर नाही. ही उठलेली साखर आहे. हृदयाच्या नळीत गुठळी अडकली की पुढच्या स्नायूला रक्त मिळत नाही, तो मरायला लागतो. शरीराला वाटतं, आपल्यावर हल्ला झाला. मग ते लढायची तयारी करतं. यकृतात साठवलेली साखर रक्तात सोडतं. मधुमेह नसला तरी सोडतं. दुसरीकडे पांढऱ्या पेशी धावत येतात, मेलेला स्नायू साफ करायला. त्याला आम्ही दाह म्हणतो. थोडा दाह हवाच, त्याशिवाय जखम भरत नाही. पण साखर चढलेली असली की त्या पेशी जास्त चवताळतात. साफसफाईला आलेली माणसं चांगली भिंतही पाडायला लागतात. दाहानं साखर वाढते, साखरेनं दाह. झटक्यानं झालेलं नुकसान ही दोघं मिळून आणखी वाढवतात."

मी म्हणालो, "म्हणजे माझ्या बायकोनं जिलेबी खाल्ली नव्हती."

त्यांना संदर्भ माहीत नव्हता. मी सांगितला. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "खाल्ली असती तरी फरक पडला नसता, काका."

त्या दिवशी मी शैला गेल्यानंतर पहिल्यांदा मोठ्यानं रडलो. उशाशी लावलेलं यंत्र लगेच वाजायला लागलं.

शैलाच्या वेळी नव्हती ती राखण आता निघाली होती, ती मला बसवली. राखण म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा. तो गळ्याच्या हाडाखाली कातडीत बसवतात. तो रक्तातली साखर आणि दाह सतत मोजतो आणि चढायला लागले की औषध सोडतो. औषधाची कुपी त्याच्या शेजारीच असते, सहा महिन्यांनी भरून घ्यायची. घरात एक छोटा डबा ठेवतात, तो त्या दाण्याशी बोलतो आणि आपल्याशीही बोलतो. बाईच्या आवाजात. मला तो काका म्हणायचा.

खाल्लेली साखर कोणती आणि उठलेली कोणती, हे राखणीला कळतं. जेवणानंतरची साखर सावकाश चढते. उठलेली एकदम चढते, ठोक्यांसकट, आणि तासाभरात दाहही वाढतो. झटक्यानंतरचं वर्षभर हृदय कच्चं असतं, म्हणून या चढण्यामागचं कारण शोधायला डबा घरातले आवाज ओळखून ठेवतो. कोण आलं की साखर उठते, कोण आलं की उठत नाही. त्याची यादी करतो. हिरवी माणसं, पिवळी माणसं, लाल माणसं. लाल माणसानं वर्षभर रोग्याला भेटू नये असा दवाखान्याचा नियम. तसा निरोप परस्पर त्या माणसाच्या फोनवर जातो.

काही महिन्यांतच गावात बऱ्याच घरांत राखण आली आणि बोलण्यात रंग आले. लोक दारातूनच विचारायचे, "मी कुठल्या रंगात आहे?" वाटणीच्या एका भांडणात थोरल्या भावाच्या वकिलानं बापाच्या राखणीची यादी कोर्टात दिली, धाकटा लाल होता. एका सासूनं सून लाल आली म्हणून तिला वेगळं घर करून दिलं. सून हसत हसत गेली. आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्याची बायकोच लाल आली. पन्नास वर्षांचा संसार. ती धाकट्या मुलाकडे राहायला गेली आणि म्हातारा रोज गॅलरीत उभा राहून रस्त्याकडे बघायला लागला.

वाकचौरे मात्र हिरवा. गडद हिरवा. रोज सकाळी यायचा, कांद्याचा भाव सांगायचा, गुडघे चोळायचा आणि जायचा. माझा आकडा जरासुद्धा हलायचा नाही.

"म्हणजे माझ्या येण्यानं तुला काहीच होत नाही?" त्यानं एकदा विचारलं.

"काहीच नाही."

"चाळीस वर्षांची दोस्ती रे, भानुदास."

"हिरवा आहेस, ते चांगलं असतं."

"काय चांगलं? माझी म्हैस पण हिरवीच आली असती." तो त्या दिवशी चहा न घेता गेला. दुसऱ्या दिवशी आला आणि पुन्हा कांद्याचंच बोलला.

ऋतुजाला दिवस गेले होते. सातवा सरला तशी ती एक दिवस मला भेटायला आली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं हे मी आधीच ठरवलं होतं. शैला नव्हती म्हणून काय झालं? मी डिंक, अळीव, खारीक आणून ठेवली होती. मालिश करणाऱ्या बाईंना सांगून ठेवलं होतं. माळ्यावरची बाज खाली काढून तिची पट्टी नव्यानं विणून घेतली होती.

ऋतुजा स्वयंपाकघरात गेली आणि तिथून तिचा आवाज आला. "हा चहाचा डबा इथं कोणी ठेवला?"

शैला हेच म्हणायची. डबा मीच ठेवलेला असायचा हे माहीत असूनही म्हणायची. तोच आवाज, तोच वैताग. मी दारात जाऊन उभा राहिलो. ऋतुजा पाठमोरी होती. पाय सुजलेले, एक हात कमरेवर.

राखणीचा डबा बोलला. "काका, साखर आणि ठोके वाढत आहेत. काय होतंय?"

"काही नाही गं," मी म्हणालो. "पोरीला बघून जीव तुटतो."

थोड्या वेळानं गल्लीत रुग्णवाहिका आली, डब्यानंच बोलावलेली. दोन जणांनी मला धरून स्ट्रेचरवर घातलं. मी ओरडत होतो, "अरे, मला काही झालेलं नाही!" त्यातला एक म्हणाला, "काका, सगळे असंच म्हणतात." ऋतुजा मागे धावत होती, त्या सुजलेल्या पायांनी. सगळी गल्ली बाहेर आली होती.

दवाखान्यात काही निघालं नाही. ऋतुजा दुसऱ्या दिवशी राजगुरुनगरला परत गेली आणि संध्याकाळी तिच्या फोनवर निरोप आला. तिनं मला फोन करून तो वाचून दाखवला. आवाज अगदी सरळ होता.

"आपल्या उपस्थितीत रुग्णाला छातीत वेदना झाल्याची नोंद आहे. कृपया वर्षभर प्रत्यक्ष भेट टाळावी." मग म्हणाली, "पप्पा, मी लाल आहे."

"अगं, त्या डब्याला काय कळतंय?"

"मी नाही येणार बाळंतपणाला. इथंच करू. आई करतील." आई म्हणजे तिच्या सासूबाई.

"पहिलं माहेरी असतं, बाळा."

"माहेर म्हणजे आई असते, पप्पा. ती नाही. आणि जे राहिलंय त्याला मी मारू का?" तिनं फोन ठेवला. मी बाजेवर बसून राहिलो. नवी पट्टी कडक होती.

मी डॉक्टर मुजावरांकडे गेलो. त्यांनी नोंद उघडली आणि त्या दिवशीचा माझाच आवाज मला ऐकवला. पोरीला बघून जीव तुटतो. शेजारी डब्यानं लावलेला अर्थ होता: मुलीला पाहताना छातीत काहीतरी फाटल्यासारखी तीव्र वेदना.

त्या हसायला लागल्या. मीही हसलो. "त्याला मराठी बोलायला शिकवलं, पण घरातली मराठी कोणी शिकवलीच नाही," त्या म्हणाल्या आणि त्यांनी ती वेदनेची ओळ पुसून टाकली.

"झालं तर मग. आता ती लाल नाही."

त्यांचं हसू गेलं. त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. वेदनेची नोंद गेली होती, पण रेघ तशीच होती. ऋतुजा घरात आली तिथून चढायला लागलेली, आणि ती बोलली तिथे उभी सरळ वर गेलेली.

"शब्द चुकला, काका. आकडा चुकलेला नाही. तुमची साखर खरंच उठली, दाह खरंच वाढला."

"पण मी रागावलो नव्हतो. घाबरलो नव्हतो."

"शरीराला ते कळत नाही. राग असो, धास्ती असो, माया असो, ते एकच घंटा वाजवतं."

हे मला समजलं. लाइनवर काही झालं की सबस्टेशनमधला रिले ट्रिप होतो, वीज तोडतो. तारेवर फांदी पडली, पतंग अडकला की माकड बसलं, ते त्याला ठाऊक नसतं. ते बघायला माणूस खांबावर चढतो.

"औषध जास्त सोडता येणार नाही का?"

"येतं. पण दाह म्हणजे शरीराचा पहाराही असतो. तो फार दाबला की साधा सर्दी-खोकलाही छातीत उतरतो. आणि कुपी सहा महिन्यांची आहे. तिच्या येण्यानं रोज अशी रेघ चढली तर कच्चा स्नायू आणखी जाईल. किती जाईल ते मी सांगू शकत नाही. डॉक्टर म्हणून मी नकोच म्हणणार."

"आणि मुलगी म्हणून?"

त्यांनी पडदा बंद केला. "माझ्या अब्बांनाही राखण बसवलीय, मिरजेत. मीच बसवली. त्यांची यादी मला इथून दिसते. मी अजून उघडलेली नाही."

मी एसटीनं राजगुरुनगरला गेलो. फोनवर हे बोलायचं नव्हतं. विहीणबाईंनी पाणी दिलं आणि त्या आत निघून गेल्या. ऋतुजा ओट्यावर पाय लांब करून बसली होती. मला बघून ती उठून आत जायला लागली.

"बस," मी म्हणालो. "डबा घरी आहे. इथं तो मला काका म्हणणार नाही."

तिला हसू आलं नाही. मी तिला शब्दाची गंमत सांगितली. तेव्हा ती हसली, पण लगेच विचारलं, "मग आकडा खोटा होता का?"

एसटीत सगळा रस्ता मी हो म्हणायची तयारी केली होती. नाही म्हणालो. "खरा होता."

"मग कशाला आलात?"

"वाकचौरे हिरवा आहे," मी म्हणालो. "रोज येतो. तो उठून गेला की गेला हेही मला कळत नाही. तसल्या माणसांत बसून मी बरीच वर्षं काढीन. तुझी आई असती तर ती पण लालच आली असती गं. तू ये. काय व्हायचं ते होईल."

"तुम्हाला काही झालं तर लोक मला काय विचारतील माहितीये? काय केलंस तू त्यांना, असं विचारतील. तुम्हाला विचारत होते तसं."

हे मला सुचलंच नव्हतं. मी जिलेबीचा प्रश्न दोन वर्षं ऐकला होता आणि आता तोच तिच्या पदरात टाकायला निघालो होतो. मी उठलो, चपला घातल्या.

"थांबा," ती म्हणाली. "डबा चालू राहील. आकडा मला दिसला पाहिजे. चढला की मी दुसऱ्या खोलीत जाईन आणि तुम्ही मागे यायचं नाही. आणि तुम्ही मला एकदा लिहून द्यायचं, की हे तुम्ही ठरवलं."

"देतो."

"नको लिहून," ती म्हणाली. "नुसतं वाकचौरेकाकांसमोर बोला. ते गावभर करतील."

ती आली. तिनं सांगितलं तसंच आम्ही राहिलो. मी डिंकाचे लाडू वळले, पहिला घाणा दगडासारखा झाला. ती एक तोंडात धरून म्हणाली, "आईचे असे," आणि गप्प झाली, कारण डबा बोलायला लागला होता. ती लाडू घेऊन आतल्या खोलीत गेली. आम्ही मधल्या भिंतीच्या दोन बाजूंना बसून बोलायला लागलो. ती आवाज खाली ठेवून बोलायची. शैलाचा विषय काढायची नाही. स्वयंपाकघरात चहाचा डबा जागेवर नसला तर मुकाट्यानं उचलून ठेवायची. मुलगी घरात होती आणि मुलीसारखी वागत नव्हती. आकडा त्यानं थोडा उतरला. मला त्याचा आनंद झाला नाही.

मुलगी झाली. गावातल्याच दवाखान्यात, सुखरूप. तिसऱ्या दिवशी घरी आणली. उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळला आणि ती जी रडायला लागली ती थांबेना. मी तिला पहिल्यांदा घेतलं. हातात काही वजनच नव्हतं.

"काका," डबा बोलला, "साखर उठली आहे. दाह वाढण्याची शक्यता. जवळ अनोळखी आवाज आहे. व्यक्तीचं नाव सांगा."

मी आणि ऋतुजा एकमेकांकडे बघत राहिलो.

"अजून ठेवलं नाही," मी म्हणालो.

"नाव नसल्यास यादीत नोंद होणार नाही. नाव सांगा."

"ठेवलंच नाही तर काय सांगू?"

डबा म्हणाला, "नंतर विचारेन."

ऋतुजानं मुलीला माझ्याकडून घेतलं नाही. आकडा चढत होता, तिला दिसत होता, तरी नाही. बाजेवर बसून ती हळू म्हणाली, "पप्पा, हिचं नाव या घरात कोणी घ्यायचं नाही."

बाराव्या दिवशी बारसं झालं. राजगुरुनगरची सगळी मंडळी आली. वाकचौरेनं दारात उभं राहून प्रत्येकाला बजावलं, नाव मोठ्यानं घ्यायचं नाही. पाळणा हलवला. जावयाच्या बहिणीनं, म्हणजे बाळाच्या आत्यानं, वाकून मुलीच्या कानात नाव सांगितलं. एरवी यानंतर नाव मोठ्यानं सांगतात. कोणी सांगितलं नाही. बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले आणि सगळे एकदम शांत झाले.

"व्यक्तीचं नाव सांगा," डबा म्हणाला.

घर भरलेलं होतं. एक भांडं वाजलं नाही. वाकचौरे म्हणाला, "घुगऱ्या वाटा रे," आणि माणसं हसली.

मलाही नाव माहीत नव्हतं. पाहुणे गेल्यावर ऋतुजानं मला बाहेर बोलावलं. आम्ही फाटकातून निघून समोरच्या खांबापाशी गेलो. तिथली तार मी ओढलेली आहे. डब्याला तिथलं ऐकू जात नाही. मुलगी तिच्या खांद्यावर झोपली होती. ऋतुजानं माझ्या कानाशी तोंड आणलं आणि आत्यासारखंच नाव सांगितलं. शैलाचं नाव नव्हतं. मी धास्तावलो होतो, शैलाचंच ठेवतील म्हणून. बरं झालं. हे नाव तिचं तिचंच आहे.

या गोष्टीला तीन महिने झाले. ऋतुजा सासरी गेली, मुलीला घेऊन दर पंधरवड्याला येते. कुपी मुदतीआधीच संपली, भरून घेतली. मधे खोकला छातीत उतरला होता, आठवडाभर दवाखान्यात होतो. डॉक्टर मुजावर म्हणाल्या, हृदय आता पूर्वीपेक्षा थोडं कमी रक्त ढकलतं. किती कमी, ते मी विचारलं नाही. वाकचौरेनं गावभर सांगून ठेवलंय की हे भानुदासनं स्वतः ठरवलं, पोरीला कोणी काही विचारायचं नाही. कांदा सोडून दुसऱ्या विषयावर एवढं बोलताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं.

नाव मी इथेही लिहीत नाही. डबा याच खोलीत आहे आणि लिहिताना पुटपुटायची मला सवय आहे.

कधीकधी संध्याकाळी मी एकटाच असतो. दाराला कडी असते. तोंड मिटून ते नाव मी मनात घेतो. मग डबा बोलतो.

"काका, साखर उठली आहे. जवळ कोणाचाही आवाज नाही. काय होतंय?"

आता मला काय बोलायचं ते कळतं.

"काही नाही," मी म्हणतो.

तो तशी नोंद करतो.